ज्यांना वेळ नाही त्यांची शाळा

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात कुणालाही ‘उद्या दिवसभराचं प्रशिक्षण आहे, या’ असं सांगून पाहावं. मालेगाव जहाँगीरकडून मेहकरकडे येणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, आणि भोवतालचा शिवार सोयाबीन-तुरीचा. त्या दिवसांत सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगेत जात असतं. पावसाने दोन-चार दिवसांची उघडीप दिलेली असते आणि फवारणी तेवढ्यातच उरकायची असते. फवारणीचा मजूर दिवस उजाडताच वावरात उभा असतो. त्याला पुष्कळदा पंपामागे पैसे मिळतात, म्हणजे सभागृहातल्या खुर्चीवर बसलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. कृषी केंद्राच्या काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर भरायचा असतो, आशा ताईला बाळंतिणीच्या घरी जायचं असतं. यांतल्या कुणालाच शिकायचा कंटाळा नसतो. नवीन वाणाची, नव्या रोगाची, नव्या योजनेची चौकशी ही माणसं चहाच्या टपरीवर तासभर करतील. त्यांच्याकडे नसतो तो बांधून दिलेला दिवस.

आणि आपली बहुतेक प्रशिक्षणं त्या बांधून दिलेल्या दिवसावरच बेतलेली असतात. सकाळी दहाची वेळ, साडेअकराला सुरुवात, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक. मग साठ-सत्तर स्लाइडांचं सादरीकरण, ज्यातली अक्षरं तिसऱ्या रांगेपासून वाचता येत नाहीत. दीडला जेवण. जेवणानंतर ‘काही शंका असतील तर विचारा’, आणि शंका नसतात, कारण एव्हाना अर्धे लोक एसटीच्या वेळा मोजत असतात. हजेरीपटावर मात्र सगळ्यांच्या सह्या. प्रशिक्षण झालं याचा पुरावा तोच आणि, खरं सांगायचं तर, उद्देशही पुष्कळदा तोच. कामाच्या माणसांना कमी वेळात नीट कसं शिकवावं, हा या पुस्तिकेचा विषय. तिच्यातला मुख्य मुद्दा साधा आहे. प्रशिक्षण आखताना आधी विचारायचं ते हे: हा माणूस उद्या सकाळी हाताने कोणती गोष्ट वेगळी करणार आहे? त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं की वेळ पुरतो. देता येत नसेल, तर आठवडाभराचं निवासी शिबिरही अपुरं पडतं.

फवारणीचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, फवारा तोंडाच्या उंचीवर उडत होता, हवा उष्ण आणि दमट होती, अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र मिसळली होती. राज्य सरकारने चौकशी पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पाठोपाठ जनजागृतीची लाटही आली: फलक, पत्रकं, मेळावे, हातमोजे-मास्कचं वाटप. या मेळाव्यांत काय सांगितलं गेलं ते बहुतेक बरोबरच होतं. प्रश्न असा की ऐकायला कोण होतं? सभागृहात सातबारा ज्याच्या नावावर आहे तो बसला, आणि पंप पाठीवर घेणारा त्या वेळी वावरात होता.

बाटली हातात घेतली की अडचण आणखी नीट दिसते. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा संकेत निरक्षर माणसालाही कळावा म्हणून केलेला, आणि कल्पना चांगलीच आहे. पण मजुराच्या हातात पुष्कळदा बाटली येतच नाही, बादलीत कालवलेलं पाणी येतं. मात्रेचा हिशेब तर त्याहून अवघड. लेबलवर प्रमाण हेक्टरी असतं, वावर मोजतात एकरात, पाठीवरचा पंप सोळा लिटरचा आणि दुकानदार सांगतो, ‘पंपाला दोन झाकणं.’ समजा शिफारस हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १००० मिली अशी आहे. म्हणजे लिटरला २ मिली, सोळा लिटरच्या पंपाला ३२ मिली, आणि एकर नीट भिजवायला साधारण साडेबारा पंप. आता पंप बरोबर भरला, पण मजुराने लांब ढांगा टाकत आठ पंपांतच एकर उरकला, तर एकराला ४०० मिलीऐवजी २५६ मिलीच पडलं. अळी मरत नाही. पुढच्या खेपेला पाणी तेवढंच राहतं, झाकणं दोनाची तीन होतात, आणि कुणीतरी त्यात दुसरं औषध टाकायला सांगतं. पॉवर पंप असेल तर पाणी कमी लागतं आणि सगळं गणितच बदलतं. दोन तासांच्या भाषणात ‘शिफारशीत मात्रेतच वापर करावा’ हे वाक्य दहा वेळा आलं, तरी या साखळीतली एकही कडी हलत नाही.

हेच धुऱ्यावर अर्ध्या तासात शिकवायचं तर काय करावं लागेल? पंप, साधं पाणी, मापाचा प्लास्टिक पेला आणि खुणेच्या चार काड्या. पेल्यावर ३२ मिलीच्या जागी पक्क्या रंगाची रेघ ओढून द्यायची, म्हणजे भागाकार कुणालाच करावा लागत नाही. काड्या रोवून आखलेल्या पट्ट्यात साध्या पाण्याने फवारून पाहायचं, एका पंपात किती ओळी भिजायला हव्यात ते मजुराने स्वतःच्या पावलांनी मोजायचं. मग पाण्यात रंग घालून पांढऱ्या सदऱ्यावर पाच मिनिटं फवारणी करायची. फवारा अंगावर नेमका कुठे बसतो हे दाखवायला रंगीत किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारं पाणी वापरण्याची युक्ती शेतमजुरांच्या प्रशिक्षणात परदेशातही वापरली जाते. मांड्या, पोटऱ्या, पंपाच्या गळक्या झाकणाखालची पाठ हे सगळं रंगलेलं पाहिल्यावर वेगळं व्याख्यान लागत नाही. उरलेल्या वेळात तीनच गोष्टी, तिन्ही करून दाखवायच्या. वारा तोंडावर येईल अशी ओळ धरायची नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. आणि चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम थांबवून, कपडे काढून, अंग धुऊन, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. बाटली यासाठी की ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर ॲट्रोपिन द्यावं लागतं, पण सगळ्याच औषधांना तो उतारा लागू नाही. डॉक्टरला नाव कळलं नाही तर अंदाजाने उपचार सुरू होतात.

अर्ध्या तासात बसवायचं म्हणून बाकी सगळं गाळलं. किडीचा जीवनक्रम गेला, कीटकनाशक कायदा १९६८ गेला, सेंद्रिय शेतीचं महत्त्व गेलं. यातलं काहीही निरुपयोगी नाही, आणि म्हणूनच गाळणं जड जातं. विषयतज्ज्ञाला स्वतःचा विषय कापवत नाही. लोक शिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकांनी एकदा आपल्या स्लाइडांतल्या किती गोष्टी उद्याच्या कामाच्या आहेत ते मोजून पाहावं.

घाईत शिकवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग शेतीत झालेला नाही, तो कारखान्यांत झाला. १९४० मध्ये, युद्ध जवळ आलेलं असताना, अमेरिकेने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना सुरू केली. अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि त्यांच्या जागी कारखाना कधी न पाहिलेली माणसं, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, येत होती. योजनाकारांनी नव्या कामगारांना वर्गात बसवलं नाही. कामावरच्या मुकादमांना शिकवायला शिकवलं, आणि तेही पाच बैठकांत, प्रत्येकी दोन तास. त्यात एक प्रात्यक्षिक ठरलेलं होतं: विजेच्या वायरीला मारायची एक विशिष्ट गाठ. प्रशिक्षक आधी ती नुसत्या शब्दांत सांगे, कुणालाही जमत नसे. मग न बोलता करून दाखवी, तरीही जमत नसे. मग एकेक टप्पा दाखवत, त्या टप्प्यातली मेख सांगत आणि समोरच्याकडून करवून घेत शिकवी, आणि काही मिनिटांत गाठ बसे. दहा तासांच्या त्या वर्गाचं सार म्हणजे दोन रकान्यांचा एक कागद. डावीकडे कामाचे टप्पे, उजवीकडे प्रत्येक टप्प्यातली चुकू नये अशी गोष्ट. युद्ध संपेपर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांनी ही प्रशिक्षणं पूर्ण केली. युद्धानंतर पद्धत जपानात गेली, टोयोटाच्या कारखान्यांनी ती उचलली. अमेरिका मात्र ती बरीचशी विसरली. शांततेच्या काळात लांब प्रशिक्षणं परवडतात, म्हणून असेल.

महाराष्ट्राला मात्र जपानकडे पाहायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. लहान मुलांमधल्या न्यूमोनियाचं निदान गावातच व्हावं, हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक भाग होता. निदानाची खूण सोपी आहे: बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजायचं, आणि ठरावीक आकड्याच्या वर गेला तर धोका. पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. नेहमीची सरकारी वाट धरली असती तर आधी अंकओळखीचा वर्ग निघाला असता. सर्चने एक साधन केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, दोन वयोगटांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा मणी सरकला, तर श्वास जलद आहे. दहापर्यंत मोजता येणारी कुणीही बाई हे करू शकते. जे शिकवायचं होतं त्यातला अवघड भाग त्यांनी साधनात घातला आणि माणसाला सोपा भाग दिला. मापाच्या पेल्यावरची रेघ हीच गोष्ट करते. वेळ थोडा असेल तर प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्याने निम्मं लक्ष अवजाराकडे द्यायला हवं. कित्येकदा एक रेघ, एक खाच किंवा एक रंग तासभराचं व्याख्यान वाचवतो.

सर्चच्याच पुढच्या कामात दुसरी एक गोष्ट दिसते. १९९५ पासून ३९ गावांत निवडलेल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं गेलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता. त्या स्त्रियांना सगळं एकदम शिकवलं नव्हतं. थोडं शिकायचं, गावात जाऊन करायचं, पुन्हा यायचं. आज देशभरातल्या आशा याच वाटेने जातात: बाळ दवाखान्यात जन्मलं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. मुळात हे बाळाच्या काळजीचं वेळापत्रक, पण आशेसाठी ते उजळणीचंही होतं. महिन्याभरात दोन बाळंतपणं झाली तर वजनकाटा, तापमापी आणि हात धुण्याची रीत बारा वेळा हातून जाते.

ही उजळणी किती मोलाची, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून त्या किती वेगाने विसरतात हे त्यांनी स्वतःवरच मोजलं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच होतो, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या आरोग्यसेविका, ज्यांतल्या अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती, दर आठवड्याला प्रशिक्षणाला येत. आल्यावर आधी गावात काय घडलं ते सांगायचं, मग नवा विषय. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या प्रशिक्षणाचा वेग आजच्या कोणत्याही योजनेच्या कालमर्यादेत बसला नसता, पण त्या बायका वर्षानुवर्षं काम करत राहिल्या.

शेतकऱ्यांच्या शेतीशाळेचा सांगाडाही असाच आहे. ही कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातखाचरांत आकाराला आली. तपकिरी तुडतुड्यांनी भात खाऊन टाकल्यावर तिथल्या सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती, आणि शेतकऱ्यांना पीक वाचायला शिकवणं भाग होतं. हंगामभर आठवड्यातून एक सकाळ, पंचवीसेक शेतकरी, वर्ग बांधावर. किडी मोजायच्या, मित्रकिडी ओळखायच्या, कागदावर चित्र काढायचं, फवारायचं की नाही ते गटात ठरवायचं. आपल्याकडे २००८ च्या खरिपात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा अळीने धुमाकूळ घातल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प आला. पुढे हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पातून शेतीशाळा गावोगाव भरू लागल्या. बुलढाणा जिल्हा त्यात होता. जिथे शेतीशाळा खरंच दर पंधरवड्याला वावरात भरली तिथे ती रुजली. जिथे ती पाच बैठकांचे फोटो एकाच दिवशी काढण्यापुरती उरली, तिथे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वेळापत्रक विद्यार्थ्याच्या धंद्यावर बेतण्याचं सर्वांत व्यवहारी उदाहरण कृषी केंद्रवाल्यांचं आहे. शेतकरी पहिला सल्ला विचारतो तो काउंटरपलीकडच्या माणसाला, हे ओळखून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ हा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. ४८ आठवडे, त्यांत ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी. वर्ग रविवारी किंवा त्या गावच्या बाजाराच्या सुट्टीला. दुकान एक दिवसही बंद ठेवावं लागत नाही. वर्षभर आठवड्याला एक दिवस म्हणजे सोमवारी दुकान उघडताच कालचा धडा गिऱ्हाइकावर वापरून पाहता येतो, आणि पुढच्या रविवारी ‘ते जमलं नाही’ असं तोंडावर सांगताही येतं. या दुसऱ्या भागाला प्रशिक्षकांनी भ्यायला नको. प्रौढ विद्यार्थ्याचा प्रतिवाद हा त्याच्या अनुभवातून आलेला असतो आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो.

अंगणवाडीची गोष्ट जरा गुंतागुंतीची. २०१८ मध्ये पोषण अभियानाबरोबर ‘क्रमिक अध्ययन’ पद्धत आली: २१ घटक, महिन्याला एक, नेहमीच्या बीट मीटिंगमध्ये. कागदावर ही रचना उत्तम आहे. सेविकेला वेगळा दिवस काढावा लागत नाही, आणि महिनाभर एकाच विषयावर काम होतं. पण ज्ञान राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात आणि तिथून बीटवर उतरतं, आणि प्रत्येक पायरीवर थोडं करून दाखवणं गळून वाचून दाखवणं वाढतं. शेवटच्या पायरीवर त्याच मीटिंगमध्ये अहवाल, मानधन आणि ॲपच्या तक्रारीही असतात. वीस मिनिटं मिळाली तरी नशीब. म्हणून घटक लिहिणाऱ्याने दोन तासांचा नव्हे, वीस मिनिटांचाच घटक लिहावा आणि त्यात एक कृती ठेवावी. मोबाइलवरच्या चित्रफितींनी या पायऱ्या वगळता येतात हे खरं, पण बाळाला छातीशी कसं धरायचं हे पाहून कळतं आणि जमतं मात्र कुणीतरी कोपर सरळ केल्यावरच.

वेळेची कमतरता नेहमीच अडसर असते असंही नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत पाणलोटाच्या कामांची वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा गावातल्या पाच जणांना चार दिवसांचं प्रशिक्षण आणि मग श्रमदानाला ४५ दिवस, अशी चौकट होती. चार दिवसांत पाणलोटाचं शास्त्र कुणाला येत नाही. पण परतल्यावर लगेच समपातळी चर खोदायचे आहेत हे माहीत असलेला माणूस उताराचं मोजमाप ज्या लक्षाने शिकतो, ते लक्ष ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून बसलेल्याकडे नसतं. २०१८ मध्ये मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होतं, म्हणजे डोणगावच्या लोकांना हे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो शेवटी टाकण्यासारखा नाही, पण शासकीय आराखड्यांत तो शेवटीच असतो. पंपामागे मजुरी घेणाऱ्याने अर्धा तास दिला तर त्याच्या दोन-तीन पंपांचे पैसे कुणी द्यायचे? शेतमालक म्हणेल, माझं काम खोळंबलं. औषध कंपनी टोपी आणि टी-शर्ट देईल. प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात सभागृह, भोजन, फलक आणि वक्त्याचं मानधन यांना रकाने असतात, शिकणाऱ्याच्या बुडालेल्या तासाला नसतो. भोजनाचा रकाना काढून त्या पैशात मजुराचा तास विकत घेतला, तर अंदाजपत्रकाची एकूण रक्कम बहुधा वाढणारही नाही.

पुढच्या पानांत फवारणी, विक्रेत्याचं काउंटर, नवजात बाळाची गृहभेट आणि अंगणवाडीतलं वजन-उंची मोजणं अशा चार कामांचे दोन-रकानी कागद दिले आहेत, प्रत्येकासोबत लागणाऱ्या साहित्याची यादी आणि मिनिटांचा हिशेब. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. फवारणीचं तेवढं पेरणीच्या आधी वाचून, एकदा साध्या पाण्यावर करून पाहावं; पेरणी झाली की वाचायलाही कुणाला सवड होणार नाही.